सहावी ते आठवीला कलेचे घटक शिकवायचेत, पण पाठांतराच्या पुढे गाडी जात नाही

सातपुड्याची_ताई (यावल तालुका)

नमस्कार. मी मुळात विज्ञानाची शिक्षिका. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, आणि जूनपासून सहावी ते आठवीचे चित्रकलेचे तास माझ्या वेळापत्रकात येऊन बसलेत. मी आपला तक्ता केला. रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश हे घटक. तोल, लय, प्रमाण, विरोध, प्राधान्य, एकता ही तत्त्वे. पोरांनी दोन दिवसांत घडाघडा पाठ केलं. मग ‘आपल्या गावाचं चित्र काढा’ म्हटलं, तर ४३ जणांनी एकच चित्र दिलं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नदी आणि नारळाचं झाड. आमच्या गावात नारळ येतो तो फक्त कानबाईच्या वेळी!

घटक आणि तत्त्व यांतला फरक या वयाच्या मुलांना कसा सांगायचा? शिवाय पाच-सहा मुलांना एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला, बसायचंय. त्यातल्या संकल्पचित्रासाठी, म्हणजे नक्षीच्या रचनेसाठी, यातलं नेमकं काय लागतं? रंगपेट्या सगळ्यांकडे नाहीत, हेही लक्षात घ्या.

निवृत्त_कुंचला (अमळनेर)

ताई, आधी तो तक्ता भिंतीवरून उतरवा. मी ३१ वर्षं हा विषय शिकवला आणि त्यातली पहिली दहा असलेच तक्ते रंगवण्यात घालवली, म्हणून हक्काने सांगतोय.

तो डोंगरातला सूर्य घ्या. तुमच्याकडे सातपुडा उत्तरेला. तिथून सूर्य उगवेल कसा? हे तुम्ही सांगू नका. सकाळच्या शाळेत पोरांना मैदानात उभं करा, एक हात सूर्याकडे आणि एक डोंगराकडे करायला लावा. मग विचारा, डोंगर कोणत्या रंगाचा? न बघताच ‘हिरवा’ म्हणतील. पुन्हा बघायला लावा. लांबचा डोंगर फिका, निळसर. जवळचा निंब गडद. मधल्या हवेमुळे असं होतं, ते तर तुमच्याच विषयातलं. अवकाश शिकवून झाला, व्याख्येशिवाय.

आता तुमचा फरक. मी वर्गात एवढंच सांगायचो: घटकावर बोट ठेवता येतं, तत्त्वावर येत नाही. ही रेषा, हा लाल, हा खरबरीत भाग, दाखवता येतं. तोल कुठाय दाखव म्हटलं तर बोट ठेवायला जागाच नाही, कारण तो दोन गोष्टींच्या मध्ये असतो. एकदा सातवीतल्या एका पोराने शेजारच्याची वही बघून म्हटलं, ‘सर, हाई चित्र तिकडे लवंडी ऱ्हायनं.’ त्याला तोल हा शब्द आठवत नव्हता, पण तोल कळला होता. मी त्याला पैकीच्या पैकी दिले.

तुम्ही केळीच्या मुलखात आहात, मग नारळ कशाला? वर्ग बागेत न्या. घडाच्या फण्या वरून खाली लहान लहान होत जातात आणि शेवटी केळफूल. हीच लय. एकच आकार पुन्हा पुन्हा, पण दर वेळी थोडा बदलून. नुसतं एकसारखं काढलं तर ती कुंपणाची जाळी होते. आणि घड एका अंगाला लटकला की झाड वाकतं, शेतकरी टेकू देतो. चित्रातही तसंच. डावीकडे मोठं झाड आलं, तर उजवीकडे तेवढंच मोठं झाड नको. लहानसा पण गडद बैल पुरतो. दोन्ही अंगांना सारखं काढलं म्हणजेच तोल, हा समज फार चिवट आहे. तो घालवायला मला दरवर्षी दिवाळी उजाडायची.

छटेसाठी भरताचं वांगं आणा, आपलं हिरवं, मोठं. खिडकीशी ठेवा, बाकीच्या खिडक्या लावून घ्या. डोळे किलकिले करून बघायला सांगा आणि फक्त तीन छटा मागा: उजेडाची, मधली, सावलीची. पेन्सिल एकच, २बी. वांग्यावर जो चकाकता ठिपका दिसतो तिथे कागद कोरा सोडायचा. हे पोरांना जमत नाही, हात शिवशिवतो. सोडलेली जागा हीसुद्धा काढलेलीच असते, हे समजायला काहींना आठवी लागते. दुसऱ्या दिवशी तेच वांगं भाजून आणा. तीच वस्तू, तोच आकार, पण साल सुरकुतलेली, काळवंडलेली. आता पोत काय ते विचारा.

केळीच्या पानाचा जाड दांडा आडवा कापला की आत जाळीसारखे कप्पे दिसतात, त्याचे ठसे झकास उठतात. एकच सावधगिरी: चीक. माझ्या पहिल्याच प्रयोगात पंधरा-वीस गणवेशांवर डाग पडले आणि ते काही निघाले नाहीत. एक आजी शाळेत येऊन मला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. जुने शर्ट घालून बोलवा.

रंगांची काळजी सोडा. पोळ्याला बैल रंगवायला गेरू घरोघरी असतोच. गेरू, कोळशाची पूड, खडूची पूड, डिंकाचं पाणी. अजिंठ्यात तरी काय होतं? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा बाहेरून आलेल्या लाजवर्द दगडाचा. जमलं तर सहल तिथेच न्या, जळगावहून साठेक किलोमीटर. लेणी क्रमांक १ मध्ये बोधिसत्त्व पद्मपाणी भोवतीच्या सगळ्या आकृत्यांपेक्षा मोठा आहे, नजर आधी त्याच्याकडेच जाते. प्राधान्य समजवायला आणखी काय हवं? त्याच लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलीत, चौघांना मिळून डोकं एकच. प्रत्येक हरणाकडे बघताना ते डोकं त्याचंच वाटतं. पोरं तिथून हलत नाहीत. एकता शिकवायला मला याहून चांगली जागा माहीत नाही.

एलिमेंटरीचं संकल्पचित्र: सरावात आकार तीनच घ्यायला सांगा, एक मोठा, एक मधला, एक बारीक. रंगही मोजके. पोरं भरगच्च करतात आणि वेळ संपतो.

पेंटरभाऊ (धुळे)

सरांचं सगळं मान्य, पण अवकाश शिकवायला डोंगरापर्यंत कशाला जायचं? अक्षरं घ्या. मी २२ वर्षं पाट्या रंगवल्या, फ्लेक्स आल्यापासून काम निम्म्यावर आलं. शाळेत पट्टीने सारखे चौकोन आखून अक्षरलेखन करून घेतात, तिथेच घोळ होतो. ‘र’ अंगाने बारीक, ‘क्ष’ रुंद. दोघांना सारखी खोली दिली की र बिचारा रिकाम्या घरात उभा राहतो. मोजमाप सारखं नको, डोळ्याला मधली जागा सारखी दिसली पाहिजे. मुलांना ‘जळगाव’ एकदा चौकोनात आणि एकदा नजरेने लिहायला लावा, मग दोन्ही कागद वर्गाच्या दुसऱ्या टोकाला लावून बघा.

विरोधाचंही तसंच. पिवळ्यावर काळं रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं, पांढऱ्यावर पिवळं हातावर घेतलं तरी दिसत नाही. लाल-हिरवं शेजारी ठेवायला सांगतात पुस्तकात, पण दोन्ही सारखेच गडद असले तर अक्षर थरथरतं. रंगाचा विरोध वेगळा, छटेचा वेगळा. गिऱ्हाईक भांडून लाल-हिरवंच करून घ्यायचं आणि महिन्याभराने बदलून मागायचं.

चाळीसगावकर

प्रमाणासाठी आमच्याकडे या. छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचं घर आता संग्रहालय आहे, रेल्वे स्टेशनजवळ. आयुष्याची कितीतरी वर्षं ते घराबाहेर पडलेच नाहीत. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड पाडून असे फोटो काढायचे की खरा देखावा वाटावा. आमच्या पोरांनी घरी मोबाइलवर हेच केलं: ताटातली माती, निंबाची डहाळी, मागे वहीचा निळा पुठ्ठा. फोटोत रान दिसतं. मध्ये काडेपेटी ठेवली की फसतं, कारण काडेपेटीचं माप सगळ्यांना ठाऊक. बस, प्रमाण म्हणजे तेच.

सातपुड्याची_ताई

सगळ्यांचे आभार. तक्ता उतरवला. मैदानावर हात पसरायचा प्रयोग केला, एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, मग आतापर्यंत आम्ही कोणत्या गावाचं चित्र काढत होतो?’ मला उत्तर सुचलं नाही.

वांग्याचा तासही झाला. २६ कागदांवर चकाकी कोरी सुटली, बाकीच्यांनी भरून टाकली. भाजलेलं वांगं मात्र पुरतं काढून व्हायच्या आत मधली सुट्टी झाली आणि खिचडीसोबत संपलं. कुंचला सर, आता तो पोताचा तास पुन्हा घ्यायचा तर वांगी दोन आणू का?

निवृत्त_कुंचला (अमळनेर)

तीन आणा. तिसरं मास्तरणीचं.