मदत हवी आहे : नागासाकीची बाजू कशी मांडावी?

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेत नववी-दहावीचा वादविवाद आहे : 'अणुबॉम्ब टाकणं गरजेचं होतं का?' मुलं घरी अहिराणी बोलतात, इंग्रजी पुस्तकं त्यांना जड जातात, म्हणून मीच टिपणं काढतोय.

हिरोशिमाबद्दल दोन्ही बाजू सापडल्या. एकीकडे नोव्हेंबर १९४५ साठी ठरलेली जपानच्या क्युशू बेटावरची अमेरिकेची चढाई आणि तिच्यात गेले असते ते जीव. दुसरीकडे अमेरिकेच्याच १९४६ च्या पाहणी अहवालाचं मत, की बॉम्बशिवायही जपान १९४५ अखेरपर्यंत शरण आला असता.

अडलंय ते नागासाकीवर. ६ ऑगस्टला पहिला बॉम्ब, ९ ला दुसरा. मधे फक्त तीन दिवस, आणि ९ लाच रशियाचं सैन्य जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात शिरलं. अमेरिकन सैन्याच्या २५ जुलैच्या आदेशात पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकायचे, असंच होतं. म्हणजे दुसऱ्यासाठी वेगळा विचार झालेला दिसत नाही. मला हे फार अस्वस्थ करतं, पण मुलांवर माझं मत लादायचं नाही.

हिरोशिमाचं समर्थन करणारे नागासाकीचं स्वतंत्र समर्थन कोणत्या पुराव्यावर करतात? आणि हे मराठीत कुठे वाचायला मिळेल?