तीन फुटी टँकमध्ये कोणते मासे एकत्र नांदतील?

प्रश्न (वारजे)
नमस्कार. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच असा टँक घेतला आहे. त्यात सुमारे दीडशे लिटर पाणी मावते. मुलीला गोल्डफिश हवेत, मला एंजल आणि निऑन टेट्रा आवडतात, तर दुकानदार त्यांच्या जोडीला टायगर बार्ब आणि काच स्वच्छ ठेवण्यासाठी एक सकर घ्या म्हणतो. सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी मिसळले जाते. हे सारे एकत्र राहू शकतील का?

उत्तर (कोथरूड)
सर्वप्रथम गोल्डफिश वगळावेत. त्यांना २०-२२ अंशांचे पाणी मानवते, एंजलला २६-२८. शिवाय गोल्डफिश खातात भरपूर आणि घाणही तितकीच करतात. टायगर बार्ब एंजलचे लोंबते पर कुरतडतात. आठ-दहांचा थवा ठेवल्यास ते बरेचसे आपसांतच भांडतात हे खरे, पण त्या भरवशावर राहू नये. निऑन आणि एंजल दोघेही ॲमेझॉन खोऱ्यातले, तरी त्यांच्यात सख्य असतेच असे नाही: दुकानात रुपयाएवढा दिसणारा एंजल वाढून तळहाताएवढा झाला की दिवे मालवल्यावर तोंडात मावणारे निऑन एकेक करून गट्ट करतो.

सकरबद्दल दुकानदार अर्धेच सांगतात. बोटभर दिसणारा तो मासा फूटभराहूनही मोठा होतो, आणि मग लोक त्याला नदीत सोडून मोकळे होतात. उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यांत हे परके मासे सापडतात, ते असेच कुणीतरी सोडल्याशिवाय तिथे येणार कुठून?

उत्तर (सदाशिव पेठ)
वरील मताशी सहमत आहे. मात्र माझ्या मते माशांच्या स्वभावाआधी पाणी पाहावे. खडकवासल्याच्या पाण्याच्या तुलनेत बोअरचे पाणी बहुधा जड असते. गिझरच्या कॉइलवर पांढरा, खरखरीत थर जमत असेल तर तेच समजावे. तसे असल्यास मॉली, प्लॅटी आणि गप्पी खुशाल राहतील. पाणी मध्यम असेल तर पर्ल गुरामीची एक जोडी, बारा-पंधरा निऑन आणि तळाशी बारीक वाळूवर सहा कोरिडोरास, एवढे या टँकला पुरे. मुलीला केशरी रंगच हवा असेल तर चार प्लॅटी घालावेत, पण पिल्ले भराभर होतात हे आधीच सांगून ठेवावे.

हे मासे एकाच दिवशी आणू नयेत. माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरीनने ते जिवाणू मरतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. गुरामी आणि निऑन नक्की करतो. सोबत मिस केरला चालतील का? आपल्याच पश्चिम घाटातले आहेत म्हणून विचारले.

उत्तर (सदाशिव पेठ)
या टँकमध्ये नकोत. मिस केरला म्हणजेच सह्याद्रिया डेनिसोनी हा वेगवान, गार ओढ्यांतला मासा आहे आणि त्याच्या थव्याला किमान चार फुटी टँक लागतो. उलट गुरामीला संथ पाणी लागते. त्यातून ही प्रजात धोक्यात आलेली आहे, त्यामुळे पुढे कधी घेतलेच तर नदीतून पकडलेले नव्हेत, पैदास केलेलेच मासे मागावेत.