कर्णधार कोणाला करावे : हर्ष दुबे की यश राठोड?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
नमस्कार मंडळी. आमच्या गावात दहा जण मिळून आम्ही रणजी मोसमापुरती फॅन्टसी क्रिकेटची, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदावर संघ निवडून त्यांच्या खेळावर गुण मोजण्याची स्पर्धा वहीवर चालवतो. यात पैसा अजिबात नाही, आणि 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद होण्याच्या आधीपासून आमचा हाच शिरस्ता आहे. धावेला एक गुण, बळीला दहा आणि कर्णधाराचे गुण दुप्पट, एवढेच नियम. आता विदर्भाचा जामठ्यावरचा (नागपूरचे मैदान) शेवटचा साखळी सामना उरला असून मी पहिल्या क्रमांकाच्या मित्रापेक्षा 34 गुणांनी मागे आहे. विदर्भाचा गोलंदाज दुबे आणि फलंदाज राठोड हे दोघेही आम्हा दोघांच्या संघात आहेत, त्यामुळे सगळे कर्णधारावर येऊन ठेपले आहे. तुरीची सोंगणी सुरू असल्याने आम्ही उजाडताच शेतात असतो आणि धुऱ्यावर मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून कर्णधाराचे नाव आदल्या रात्रीच पानठेल्यावरच्या वहीत लिहून द्यावे लागते. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (पुसद)
भाऊ, दुबेच. 2024-25 च्या मोसमात त्याने 69 बळी घेतले, जो रणजीच्या एका मोसमातला विक्रम आहे, आणि शिवाय 476 धावाही केल्या. तुमच्या नियमाने हे 1166 गुण होतात, तर त्याच मोसमात सर्वाधिक 960 धावा करणाऱ्या राठोडचे 960. दहा सामन्यांवर वाटले तर सामन्यामागे वीस गुणांचा फरक पडतो. फलंदाज एका चांगल्या चेंडूवर शून्यावर परततो. डावखुरा फिरकी गोलंदाज मात्र दिवसभर षटके टाकतो आणि बळी नाही मिळाले तरी खालच्या क्रमांकावर फलंदाजीला येतो.

उत्तर २ (हिंगणघाट)
आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्ष मला पटत नाही. पुढे असलेला मित्र सरासरी पाहून दुबेलाच कर्णधार करणार. तुम्हीही तेच केले तर दुबेने दहा बळी घेतले तरी तुमची पिछाडी एका गुणानेही कमी होणार नाही. राठोडला केल्यास त्याचे गुण दुबेपेक्षा 35 ने जास्त झाले की आघाडी तुमची. त्या मोसमात राठोडची पाच शतके होती, त्यामुळे ही अपेक्षा अवास्तव नाही. दुसरे असे की सामना अनिर्णित राहिल्यास गोलंदाजाला एकच डाव मिळू शकतो. जामठ्यावरचाच केरळविरुद्धचा अंतिम सामना आठवा : केरळ 342 वर बाद झाला, सामना अनिर्णित राहून विदर्भाने पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर करंडक जिंकला आणि केरळ दुसऱ्यांदा फलंदाजीला आलाच नाही, म्हणून दुबेच्या हाती तीनच बळी राहिले.

उत्तर १ (पुसद)
हा मुद्दा माझ्या ध्यानातून निसटला होता. तरीही एक सांगतो, मित्र दुबेलाच करील हे आधी पक्के करून घ्या, कारण त्यानेही राठोडला केले तर तुमच्या हाती काहीच राहणार नाही. आणि भारत अ संघाची (राष्ट्रीय संघाखालचा दुसरा संघ) निवड जाहीर झाली असेल तर रात्री नाव लिहिण्यापूर्वी ती अवश्य पाहा. जो खेळाडू रणजीला नसेलच, त्याला दुप्पट करून शून्यच मिळेल.

प्रश्नकर्ता (दारव्हा तालुका)
दोघांचे मनापासून आभार. वहीची मागची पाने चाळली असता, मित्राने दुबे संघात असताना प्रत्येक वेळी त्यालाच कर्णधार केल्याचे दिसले. एकदाही बदल नाही. म्हणून मी राठोडचे नाव लिहीत आहे, आणि दुबेवरचा माझा विश्वास यामुळे तसूभरही कमी झालेला नाही. नाणेफेकीपर्यंत एकदा कर्णधार बदलता यावा, असा ठरावही आजच पानठेल्यावर मांडतो.