रिसेलच्या फ्लॅटमध्ये काँट्रॅक्टरने बाथरूम बिघडवलं: उखडून परत करून घ्यायचं की डागडुजी करून विकायचं?

सिंहगडरोडकर:
सिंहगड रोडवर एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा २ बीएचके मी आणि मेहुण्याने मिळून घेतला. चांगला करून विकायचा हाच हेतू. काम एकाच काँट्रॅक्टरला मटेरियलसकट दिलं. ओटा, रंग, हॉलची फरशी ठीक झाली, बाथरूमची मात्र वाट लागली आहे. खालच्या काकूंच्या छताला ओल आली. दाराजवळच्या टाइल्सवर नाणं आपटलं तर पोकळ वाजतात, आणि पाणी नहाणी ट्रॅपकडे (सांडपाणी जायच्या जाळीकडे) जायच्या ऐवजी उंबऱ्याशी साचतं. काँट्रॅक्टर म्हणतो, "साहेब, सांध्यांत इपॉक्सी भरून देतो, थांबेल." मेहुणा म्हणतो, तेवढं करून घेऊ, काकूंचं छत रंगवून देऊ आणि गिऱ्हाईक दारात आहे तोवर व्यवहार उरकू.

मला हे अजिबात पटत नाही. फरशी उखडून कोब्यापासून काम परत व्हायला हवं, त्याच काँट्रॅक्टरकडून आणि त्याच्याच खर्चाने. तोवर उरलेले पैसे द्यायचे नाहीत आणि घर कुणाला दाखवायचंही नाही. तुमचं मत सांगा.

व्यवहारी ठाणेकर:
मेहुणे बरोबर बोलतायत. विकायच्या घरात राहायच्या घरासारखा जीव अडकवू नये. कर्जाचा हप्ता, मेंटेनन्स चालूच असतो, हातातलं गिऱ्हाईक गेलं तर दुसरं कधी येईल सांगता येत नाही. तोडफोड म्हटली की सोसायटीला परत अर्ज, राडारोडा, शेजाऱ्यांची बोलणी. जुन्या बिल्डिंगमध्ये ओल असते हे घेणाऱ्यालाही कळतं. किंमत थोडी खाली आणा, करारात "आहे त्या स्थितीत" लिहा आणि मोकळे व्हा.

डोंबिवलीचा खरेदीदार:
ठाणेकर, असंच "मोकळं" झालेलं घर आम्ही घेतलं आहे. बघायला गेलो तेव्हा भिंती चकाचक होत्या. पहिल्याच पावसाळ्यात बेडरूमची पुट्टी फुगली आणि पापुद्रे गळायला लागले. मागच्या बाजूला बाथरूम. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेलं घर दुसऱ्या वर्षी खणायला लागलं. विकणारा फोन उचलत नाही. किंमत कमी करून विका म्हणता, पण ती का कमी केली हे घेणाऱ्याला सांगणार का?

वकीलताई नाशिक:
हाच कळीचा प्रश्न आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ बघा. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष उघड करणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. तो लपवला तर त्याला तेच कलम कपट म्हणतं. काकूंच्या छतावर रंग फासून वर "आहे त्या स्थितीत" लिहिलं म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका. ओल आहे, कशामुळे आहे, हे लेखी सांगून कमी किमतीला विकलं तर गोष्ट वेगळी.

साईटवरचा माणूस:
मी हीच कामं घेतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मालक दर पाडून घेतात आणि वर पंधरवड्यात चावी मागतात. वॉटरप्रूफिंगचे कोट वाळू द्यायचे, मग ट्रॅपचं तोंड बंद करून किमान ४८ तास पाणी भरून ठेवायचं, खालच्या छतावर नजर ठेवायची आणि मग टाइल्स. या दोन दिवसांत साईट रिकामी दिसली की मालकाचे फोन सुरू होतात.

दुसरं, ओल दिसली की काँट्रॅक्टर दोषी, असं नसतं. नळाला येणारी लाइन गळत असेल तर बाथरूम वापरलं नाही तरी ओल वाढत राहते. फक्त वापरल्यावर वाढते, तर ट्रॅप, ड्रेनेज नाहीतर फरशी. जुनी ड्रेनेज लाइन तुम्हीच "राहू दे" म्हणाला असाल आणि ती गळत असेल तर त्याच्या गळ्यात कशी मारणार? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

सिंहगडरोडकर:
शोधलं आहे. काकूंच्या छतावर ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून तारीख घातली. आठवडाभर बाथरूम बंद ठेवलं, लाइन मात्र चालू. डाग रेघेच्या आत सुकत गेला. मग ट्रॅपमध्ये बूच घालून फक्त फरशीवर पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी ओल रेघेबाहेर. म्हणजे लाइन नाही, ट्रॅपखालचं ड्रेनेजही नाही, फरशीच. कोटेशनमध्ये "वॉटरप्रूफिंगसह" असं स्पष्ट लिहिलं आहे. टाइल्सखालच्या थराचे फोटो मागितले तर त्याने टाइल्स लागल्यानंतरचे पाठवले. घाई आम्ही केलेली नाही, आणि दरही त्यानेच दिलेला होता.

साईटवरचा माणूस:
मग माझा आक्षेप मागे. इपॉक्सीने सांधा बंद होईल, पण उतार बदलणार नाही आणि पोकळ टाइलखाली मसालाही भरला जाणार नाही. उखडायलाच हवं. फक्त ओटा, रंग, हॉल यांचे पैसे अडवू नका. त्यातून कारागिरांची मजुरी जायची असते, त्यांनी तुमचं काय बिघडवलं?

व्यवहारी ठाणेकर:
बरं, उखडायचं मानू. पण ज्याने बिघडवलं त्याच्याच हातात परत कशाला द्यायचं? दुसरा माणूस लावा, खर्च याच्या बिलातून कापा. आणि फारच ताणलं तर ग्राहक आयोग आहेच.

वकीलताई नाशिक:
परस्पर दुसरा लावला तर पहिला म्हणेल, मला दुरुस्तीची संधीच दिली नाही. आधी लेखी नोटीस, त्यात दोष आणि मुदत. मुदतीत केलं नाही तर दुसऱ्याकडून करून खर्च मागा. भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसानभरपाई मिळू शकते. फरशी उखडताना व्हिडिओ घ्या, एकदा पुरावा डंपरमध्ये गेला की गेला.

ग्राहक आयोगाचं मात्र गृहीत धरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूने सेवा घेणारा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. घर नफ्यावर विकायलाच घेतलं होतं, हा बचाव समोरचा नक्की घेईल. मग दिवाणी कोर्ट, आणि तिथे लागणारा वेळ ठाणेकरांच्या हिशोबात बसणार नाही. म्हणून बाथरूमपुरती अडवलेली रक्कम हीच तुमची खरी ताकद.

सिंहगडरोडकर:
ताई, साईटवाले भाऊ, मनापासून आभार. कारागिरांच्या मजुरीचा मुद्दा पटला. बाकी कामाचे पैसे आज सोडतोय, बाथरूमचे नाही. नोटिशीत १५ दिवसांची मुदत, टाइल्स लावण्याआधी ४८ तास पाणी भरून चाचणी आणि ती बघायला काकूंच्या घरातून परवानगी, असं लिहिलं आहे. मेहुण्याला अजूनही हा खर्चाचा हट्ट वाटतो. पण गिऱ्हाइकाला ओलीबद्दल सांगायला तो तयार झाला आहे. त्यावर ते थांबले तर ठीक, नाही थांबले तर दुसरं बघू.