रापण ओढून धरलेला खांदा: आरामाची मालिश की उपचाराची?

माडाखाली
मालवण-तारकर्लीकडे मालिशीच्या फलकावर ‘रिलॅक्सेशन’ आणि ‘थेराप्युटिक’ असे दोन दर दिसतात. फरक तेलात असतो की हातात? रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढून मान-खांदा धरला असेल तर कुठली घ्यावी?

खांदेकर_फिजिओ
तेलाची बाटली उघडण्याआधीच फरक कळतो. उपचाराच्या मालिशीत पहिली पाच-दहा मिनिटं तपासणीत जातात: हात डोक्यावर किती जातो, पाठीमागे कुठवर पोचतो, मान कुठल्या बाजूला अडते. कोणी काही विचारलंच नाही, तर ती आरामाचीच मालिश, दर तेवढा चढा.

आरामाला सगळं अंग, तासभर, लांब संथ हात. झोप लागली की काम झालं.

उपचारात एकच भाग, २० ते ३० मिनिटं. दोर खेचून मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू आणि फऱ्यावरचे (खांद्यामागच्या चपट्या हाडावरचे) स्नायू आवळतात. आधी पाच मिनिटं तळहाताने ऊब आणायची. मग गाठीवर, म्हणजे स्नायू आवळून घट्ट झालेल्या जागी, अंगठा टेकवून ३० ते ६० सेकंद स्थिर दाब. दुखण्याला दहापैकी गुण द्यायला सांगा. सहाच्या वर गेलं की माणूस अंग चोरतो आणि स्नायू सुटायचा तो आणखी घट्ट होतो. (‘दुखलं तरच गुण येतो’ हा समज इथूनच घात करतो.) धरलेल्या दाबाखाली दुखणं उतरायला हवं. चढत गेलं तर हात काढा. शेवटी तोच स्नायू ३० सेकंद ताणायचा, दोन-तीनदा. हे ताणणं घरी रोज झालं नाही तर चार ओढींत गाठ परत.

घाण्याचं_तेल
आरामाला तेल सढळ हाताने. गाठीवर मात्र चार-पाच थेंब पुरे. जास्त झालं की अंगठा निसटतो, मग जोर वाढतो आणि काळंनिळं होतं. उंडीचं तेल (उंडीच्या झाडाच्या बियांचं) सांध्यांना लावायची आपल्याकडची पद्धत आहे, जरूर लावा, पण गाठीचं काम अंगठ्याचंच.

माडाखाली
दुसऱ्या दिवशी ठणकलं तर?

खांदेकर_फिजिओ
एक-दोन दिवस चालतं. त्यापुढे राहिलं तर दाब जास्त झाला होता. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोल दाब नकोच. बोटांना मुंग्या येतात, पकड ढिली पडते, तर आधी मानेची तपासणी. एकाच पोटरीला सूज आणि ऊब असेल तर चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि खांद्याबरोबर छातीत दडपण, घाम असेल तर मालिश राहू दे, १०८ ला फोन करा.