टॅब, वाचनखुणा (बुकमार्क) आणि त्यांचा बॅकअप : तुमचे अनुभव

मंडळी, ‘टॅब कमी उघडा’ हा सल्ला सोडून काहीही लिहा. माझं काम अनुवादाचं. एकेका शब्दापायी पाच-सात पानं उघडी राहतात, ती बंद केली की पुन्हा शोधाशोध आली. ब्राउझर कोसळला, लॅपटॉप बदलला, अशा वेळी तुमचं काय वाचलं आणि कशामुळे, ते हवंय. नुसतं एक्स्टेन्शनचं (ब्राउझरला जोडायच्या पुरवणीचं) नाव टाकून पळू नका.

कागदकीडा : प्रबंधाचं काम चालू होतं, जिल्हा गॅझेटियरची पानं डझनावारी उघडी. दिवे गेले, आले, आणि फायरफॉक्स कोराच्या कोरा उघडला. ‘मागचं सत्र पूर्ववत करा’ हा पर्यायही फिका पडलेला. अशा वेळी ब्राउझर पुन्हा पुन्हा उघड-बंद करायचा नाही, कारण दर खेपेला जुनी प्रत पुसली जाण्याची भीती असते. मेनूतल्या मदतीत ‘ट्रबलशूटिंग’चं पान असतं, तिथून प्रोफाइलचा (फायरफॉक्स तुमची माहिती ठेवतो तो) फोल्डर उघडा आणि मग फायरफॉक्स बंद करा. आत ‘सेशनस्टोअर-बॅकअप्स’ नावाचा फोल्डर आहे, तो आधी आख्खा डेस्कटॉपवर कॉपी करा. ‘रिकव्हरी’ नावाची फाइल चालू सत्राची, फायरफॉक्स ती साधारण दर १५ सेकंदांनी लिहीत असतो. ‘प्रीव्हियस’ ही त्याच्या आधीच्या सत्राची. माझं घबाड ‘प्रीव्हियस’मध्ये सापडलं. तिला ‘सेशनस्टोअर’ हे नाव देऊन (नावातलं टिंबानंतरचं शेपूट तेच ठेवून) प्रोफाइलमधल्या त्याच नावाच्या फाइलच्या जागी ठेवली, फायरफॉक्स उघडला, सगळी पानं हजर. एकदोन ठिकाणी लॉगिन पुन्हा मागितलं, तेवढंच.

सांजवेळ : बाबांच्या फोनवर क्रोममध्ये टॅबच्या आकड्याच्या जागी हसरा चेहरा दिसतो. शंभरी गाठली की आकडा जाऊन तो येतो. बाबांना वाटतं, फोन खूश आहे.

चिकूवडी : सिंक (सगळ्या उपकरणांवर एकच यादी राखणं) म्हणजे बॅकअप नव्हे, हे कुणीतरी ठणकावून लिहायलाच हवं होतं, मी लिहिते. भाचरानं फोनवर खेळता खेळता पाककृतींचा फोल्डर उडवला. मी लॅपटॉप उघडेपर्यंत तिथूनही गायब! सिंकनं आपलं काम चोख केलं होतं. नशीब, फायरफॉक्स वाचनखुणांच्या तारीखवार प्रती स्वतःहून ठेवतो. कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबलं की संग्रह उघडतो, त्यात ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’खाली ‘रिस्टोअर’मध्ये तारखा दिसतात. मात्र जुनी प्रत आणली की आजच्या खुणा जाऊन त्या दिवसाच्या येतात. म्हणून आधी आजच्या खुणा एचटीएमएलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा, मगच हात लावा. ती एचटीएमएल फाइल कुठलाही ब्राउझर वाचतो, आणि निव्वळ उघडली तरी लिंकांची यादी दिसते. मी दर अमावास्येला एक्स्पोर्ट करते. हसू नका, तारीख लक्षात राहते.

बिनपाण्याचा_मासा : न वापरलेले टॅब मेमरी वाचवायला झोपवून ठेवणारं एक एक्स्टेन्शन २०२१च्या फेब्रुवारीत एकाएकी बंद झालं आणि त्यानं झोपवलेले सगळे टॅब माझ्यासमोरून उडाले. पण इतिहासात ते होते. पत्ता लांबलचक, विचित्र, तरी त्याच्या शेपटीला ‘यूआरआय=’ असं लिहून पुढे मूळ पानाचा पत्ता जसाच्या तसा. तेवढाच भाग कापून पुन्हा उघडला. कंटाळवाणं काम, पण सगळं मिळालं. तेव्हापासून टॅब पोटात ठेवणारं कुठलंही एक्स्टेन्शन घेताना यादी बाहेर काढता येते का, हे आधी बघतो.

जुनीशाई : पत्ता जपून काय उपयोग, पानच मेलं तर? महत्त्वाचं पान मी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संग्रहात) चढवतो आणि पीडीएफही काढतो. मराठी वाचकांसाठी खास सूचना : युनिकोड (सगळ्या लिपींची सामायिक संकेतपद्धत) रुळण्याआधी बरीच वृत्तपत्रं आपापले फॉन्ट वापरत. तेव्हाची जपलेली पानं आज उघडली तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. अशा पानांबरोबर फॉन्टची फाइलही जपा. पीडीएफ केलेली असेल तर चिंता नाही, फॉन्ट सहसा तिच्या आतच बसतो.

सांजवेळ : वाखू (वाचनखूण) साठवली. एक शंका : बाबांकडे संगणक नाही. फोनवरच्या क्रोममधून वाचनखुणा बाहेर कशा काढायच्या?

चिकूवडी : सिंक चालू असेल तर गूगल टेकआउटमध्ये (आपला डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्या सोयीत) जाऊन फक्त क्रोम निवडा. बुकमार्कची एचटीएमएल फाइल झिपमध्ये येते. उघडे टॅब मात्र त्यात शोधू नका, बाबांना आधी हवे तेवढे तारांकित करायला (तारा दाबून वाचनखुणांत टाकायला) सांगा.