नाइन-बॉलमधली 'फिलिपिनो शैली', 'युरोपियन शैली' : खरंच असतं का असं काही?

तिरपा_फटका

परवा नाइन-बॉलच्या जुन्या लढती लावून बसलो होतो. शेजारचा मित्र म्हणाला, "चेहरे झाक, नुसते हात बघून गडी कुठला ते सांगतो." मी खरोखरच वर्तमानपत्राची घडी करून स्क्रीनच्या वरच्या अर्ध्यावर धरली. आठ क्लिपांपैकी सहा त्याने बरोबर ओळखल्या. दोन चुकल्या, त्यातली एक गंमतशीर आहे, ती पुढे सांगतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: नाइन-बॉल हा पूलचा एक प्रकार. क्यूने, म्हणजे काठीने, मारायचा तो पांढरा बॉल. त्याने आधी टेबलवरच्या सगळ्यात लहान नंबरला लागायचं, आणि ९ नंबर ज्याने नियमात पॉकेटात टाकला त्याचा रॅक, म्हणजे तो डाव. 'सोपा दिसतोय तो टाकतो' ही सोय नाही. पुढच्या बॉलसाठी पांढरा कुठे थांबवता, सगळी कमाई तिथे. तो थांबवण्याची प्रत्येक मुलखाची आपली तऱ्हा आहे, असं माझं म्हणणं.

कारण साधं आहे. नाइन-बॉल खेळणारा बहुतेक जण लहानपणी दुसराच कुठला तरी खेळ खेळून आलेला असतो. फिलिपिन्समध्ये तो खेळ म्हणजे रोटेशन. १५ बॉल, जो नंबर टाकाल तितके गुण, एकूण बेरीज १२०, म्हणून ६१ झाले की जिंकलात. इथेही लहान नंबर आधी. आता १५ बॉलांच्या गर्दीत लहान नंबर सरळ दिसणार किती वेळा? मग आधी कुशनला, म्हणजे टेबलच्या रबरी कडेला, लावून वळसा घालून बॉलपर्यंत पोचायचं, म्हणजे किक, हे तिथल्या पोराला रोजचंच. आणि १ इकडे, २ पार तिकडे, त्यामुळे पांढरा टेबलभर हिंडवायची सवय.

जर्मनीत याच्या उलट. तिथे क्लबांच्या लीगमध्ये १४.१, म्हणजे स्ट्रेट पूल, अजून खेळतात. कुठलाही बॉल सांगून टाका, १४ टाका, पंधरावा ठेवा, पुन्हा रॅक लावा आणि त्या पंधराव्याच्या जोरावर नवा रॅक फोडा. तिथे पांढरा वीतभर हलला तरी जास्त झाला असं मानतात. तो माणूस नाइन-बॉलला आला की पांढऱ्याला उगाच फिरवत नाही.

फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस किंवा बुस्तामांतेचा हात बघा. नेम धरताना क्यूचं टोक पांढऱ्याच्या पार बुडाशी, जवळजवळ कापडाला टेकलेलं. मनगट सैल, झोका लांब. आणि फटक्याच्या क्षणी टोक लागतं भलत्याच जागी! हे पुस्तक वाचून येत नाही.

सरळ_रेघ

धागा छान, पण निष्कर्ष म्हणजे भाकडकथा.

ॲलेक्स पागुलायन जन्माने फिलिपिनो, वाढला टोरंटोत, आणि २००४ची जागतिक नाइन-बॉल स्पर्धा जिंकला फिलिपिन्सच्या नावावर. त्याची शैली कोणाच्या खात्यात टाकणार? फेदोर गोर्स्ट २०१९ला रशियाकडून जगज्जेता, २०२४ला अमेरिकेकडून. विमानात बसताना शैली बदलली का त्याने?

आणि रेयेस हा पुरावा नाहीच. रोटेशन लाखो पोरं खेळली, रेयेस एकच झाला. एका अलौकिक माणसाचं मनगट उचलायचं आणि ते अख्ख्या देशाला चिकटवायचं, हा कुठला न्याय?

हाँगकाँगची १९९६ची ती एक लाख डॉलरची लढत आठवा. रेयेस विरुद्ध अमेरिकन अर्ल स्ट्रिकलंड, आधी १२० रॅक जिंकेल तो. तुमच्या हिशेबाने दोन ध्रुव. निकाल १२०-११७. २३७ रॅक खेळून तीनचा फरक! शैली इतकी निर्णायक असती तर कुठल्या तरी बाजूला पारडं झुकलं असतं की.

तिरपा_फटका

@सरळ_रेघ, शैली वेगळी म्हणजे निकाल वेगळा, असं मी कुठे म्हटलं? दोन गवय्ये एकच राग वेगळ्या घराण्यात गातात, तेव्हा कोण 'जिंकलं' हे आपण विचारतो का? पागुलायनचं म्हणाल तर माझंच बळ वाढवताय. माणूस कुठे जन्मला याला महत्त्व नाही, कुठल्या टेबलवर वाढला याला आहे.

खडूची_पूड

दोघेही माणसांबद्दल भांडताय. कापडाबद्दल बोला जरा.

मी बरीच वर्षं घट्ट विणीच्या, गुळगुळीत, वेगवान कापडावर खेळलोय. एकदा दुसरीकडे लव असलेल्या जुन्या कापडावर खेळायचा प्रसंग आला. हवा दमट, बॉल कधी पुसलेत देव जाणे. पहिल्याच रॅकला ३ नंबर टाकून पांढरा दोन कुशन घेऊन ४ वर यायला हवा होता. नेहमीच्या मापाने मारला. पांढरा दुसऱ्या कुशनला पोचलाच नाही, मध्येच थांबला, बस बंद पडावी तसा. पुढच्या वेळी जोर वाढवला तर बॉल पॉकेटच्या जबड्यात खडखडून बाहेर. तासाभराने लक्षात आलं की तिथले नेहमीचे खेळाडू जोर वाढवत नाहीत, झोका वाढवतात. क्यू बॉलच्या आरपार नेतात. लांब, सैल, शेवटपर्यंत. मनगट आपोआप मोकळं होतं, कारण आखडून मारलं तर त्या टेबलवर काहीच होत नाही.

शिवाय मळके बॉल. बॉल बॉलला घासला की नेमापेक्षा थोडा ओढला जातो, मळक्यावर जास्तच. तो ओढा मोडायला बाहेरच्या बाजूची साइड, म्हणजे पांढऱ्याला कडेला मारून फिरकी, द्यावी लागते. म्हणून असल्या टेबलवर वाढलेला माणूस जवळजवळ प्रत्येक फटक्याला चिमूटभर साइड देतो, आणि स्वच्छ टेबलवर वाढलेला म्हणतो, "उगाच कशाला साइड?" दोघेही आपापल्या टेबलपुरते बरोबर.

२००६ला रीनोमध्ये एट-बॉलची मोठी स्पर्धा झाली, पहिलं बक्षीस पाच लाख डॉलर. आयोजकांनी मुद्दाम लव असलेलं संथ कापड घातलं होतं. जिंकलं कोण? रेयेस. तेव्हा वय पन्नाशीपार. मला तरी यात योगायोग दिसत नाही.

सरळ_रेघ

योगायोग नाही, पण पुरावाही नाही. १९९९ला कार्डिफमध्ये तोच माणूस वेगवान कापडावर जगज्जेता झाला. म्हणजे कापड कुठलंही घाला, जिंकणार रेयेस. हा रेयेसचा सिद्धांत झाला, कापडाचा नाही.

नवखा_९

मध्येच विचारतो, माफ करा. मी स्नूकरवाला. अमेरिकन शैली म्हणजे नक्की काय? जोरदार ब्रेक, बस एवढंच?

जुना_क्यू

@नवखा_९, ब्रेक, म्हणजे रॅक फोडणारा पहिला फटका, हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा जुन्या नियमात आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

पूर्वी अमेरिकेत नाइन-बॉल 'रोल आउट'ने खेळत. बॉल दिसत नसेल तर पांढरा हवा तिकडे ढकलून द्यायचा. मग समोरच्याने ठरवायचं, इथून खेळतो की तुलाच परत देतो. एकाच खेळाडूचे लागोपाठ दोन फाउल झाले तरच पांढरा समोरच्याच्या हातात मिळे, म्हणजे हवा तिथे ठेवून खेळता येई. आता विचार करा, अशा खेळात शहाणा माणूस काय करेल? जो फटका आपल्याला येतो आणि समोरच्याला येत नाही, नेमका त्यावर पांढरा नेऊन ठेवेल. लांब, पातळ कट, कुशनला चिकटलेला बॉल, असले. त्यातून अवघड बॉल छातीठोकपणे टाकणाऱ्यांची पिढी घडली. किक शिकण्याची गरजच काय, अडकलात तर ढकला!

मग १९८०च्या दशकात 'टेक्सस एक्सप्रेस' नियम पसरले. एक फाउल, आणि पांढरा समोरच्याच्या हातात. रातोरात लपवालपवीला, म्हणजे पांढरा दुसऱ्या बॉलमागे ठेवून समोरच्याला अडकवण्याला, भाव आला. आणि १९८५ला सीझर मोरालेस असं खोटं नाव सांगून एक किडकिडीत फिलिपिनो अमेरिकेत आला, ज्याला लपवलेला बॉल शोधण्याचं बाळकडूच मिळालं होतं. तोच रेयेस. १९९४ला यूएस ओपन जिंकणारा तो पहिला परदेशी. माझं मत विचाराल तर नियम बदलला नसता तर त्याला एवढी वर्षं राज्य करता आलं नसतं. बॉल टाकण्यात स्ट्रिकलंड कोणाच्या बापाला ऐकत नव्हता.

१९९५ला रीनोमध्ये स्ट्रिकलंडने रेयेसपासून बॉल लपवला होता, तो फटका शोधून बघा. पांढरा दोन कुशनांवर झेडच्या आकारात फिरला आणि बॉल सरळ पॉकेटात. रोल आउटच्या दिवसांत तो फटका मारलाच गेला नसता.

तिरपा_फटका

जुना_क्यू, हे लिहायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. धाग्याचं नाव बदलून 'नियमांच्या शैली' ठेवावं की काय!

चौथी_कुशन

तुम्ही सगळे तीस वर्षांपूर्वीचं बोलताय. आजचं बघा. रॅक लावताना ९ नंबर टेबलवरच्या ठरलेल्या खुणेवर, ब्रेक ठरलेल्या चौकटीतून, फटक्याला घड्याळ, सगळीकडे तीच बनावटीची टेबलं, तेच कापड, पॉकेटं आवळलेली. रॅक प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर लावतात, एकही बॉल हलत नाही. तैवानचा, पोलंडचा आणि फिलिपिन्सचा पोरगा एकाच व्हिडिओवरून एकच ब्रेक शिकतो. तुमच्या मित्राची ती गंमतशीर चूक कोणती, ते मी न बघता सांगतो: नव्या पिढीतल्या कुठल्या तरी फिलिपिनोला तो युरोपियन म्हणाला असणार.

तिरपा_फटका

😄 बरोबर. कार्लो बियाडो. आटोपशीर झोका, डोकं स्थिर, फटक्याआधीची ठरलेली लय. मित्र छातीवर हात ठेवून म्हणाला, "जर्मन."

सरळ_रेघ

आता 'युरोपियन म्हणजे यंत्र' यावरही बोलूया, मला त्याची चीड आहे. २०१० ते २०१७ युरोपने मॉस्कोनी कप, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका ही सांघिक लढत, सलग आठ वेळा जिंकला, तेव्हापासून हे सुरू झालं. सूकेट, फायेन हे युरोपियन म्हणजे शिस्त, रेयेस म्हणजे जादू. जादूगाराने तालीम केली नाही असं वाटतं का तुम्हाला? पोरवयात काकांच्या पूल हॉलमध्ये कामाला होता, झोपायचाही टेबलवर. दिवसभर तेच. त्याला 'जादू' म्हणायचं आणि सूकेटच्या तासन् तास सरावाला 'यंत्र', यात खेळाचं निरीक्षण कमी, आपल्या डोक्यातली चित्रं जास्त. उद्या फिलर बघा, जर्मन आहे, २०१८चा जगज्जेता. रेघ मारल्यासारखा चालत येतो आणि विचार करायच्या आत बॉल टाकून मोकळा. कुठलं यंत्र इतकी घाई करतं?

खडूची_पूड

फिलरचा मुद्दा मान्य. तो कुठल्याच खणात बसत नाही.

नवखा_९

आणि तैवान? वू जियाचिंग २००५ला सोळाव्या वर्षी नाइन-बॉल आणि एट-बॉल दोन्हींचा जगज्जेता झाला एवढंच मला माहीत आहे.

जुना_क्यू

तैवानबद्दल मला एकच गोष्ट ठामपणे सांगता येईल. को पिन-यीचा कुठलाही रॅक बघा आणि पांढऱ्याने किती कुशन घेतल्या ते मोजा. कमीत कमी. जिथे फिलिपिनो तीन कुशन फिरवून येईल, तिथे तो आधीच्याच फटक्यात असा कोन ठेवतो की स्टन, म्हणजे पांढऱ्याला पुढे-मागे न धावू देणारा फटका, मारला तरी पुरे.

सरळ_रेघ

मग माझं एक आव्हान घ्या. हात बघून ओळखणं म्हणजे चाल बघून गाव ओळखण्यासारखं, त्यात खेळ कुठे आहे? शैली खरी असेल तर पांढऱ्याच्या वाटेत दिसली पाहिजे. @तिरपा_फटका, हात दाखवू नका, नाव नको. कागदावर टेबल आखा, पांढऱ्याची नुसती वाट काढा, आणि मित्राला विचारा.

तिरपा_फटका

घेतलं. दोन दिवस गेले, बायकोने विचारलं हे काय चाललंय.

दहा रॅक निवडले, तीन मुलखांचे. प्रत्येकाचा कागद वेगळा, पांढऱ्याची वाट पेन्सिलीने, कुशनला लागला तिथे टिंब. काढतानाच मला घाम फुटायला लागला होता, कारण सगळे कागद भयंकर सारखे दिसत होते. ४ नंबरवरून ५ वर जायची वाट बहुतेक वेळा एकच असते, मग क्यू कोणाच्याही हातात असो. मित्राने दहांपैकी तीन ओळखले. सहाची मिजास उतरली.

पण ते तीन कागद मी पुन्हा काढून बघितले. तिन्ही रॅकांत खेळाडू कुठे तरी अडकला होता. एकात पांढरा तीन कुशन फिरून ६ ला मागून लागलाय, मित्र बोट ठेवून म्हणाला, "हा रोटेशनवाला." दुसऱ्यात कोणीतरी बॉल टाकायचा सोडून पांढरा हळूच ८ च्या पाठीमागे नेऊन ठेवलाय. उरलेल्या सात कागदांत सगळं सुरळीत होतं, अडचण नव्हती, आणि तिथे त्याला काहीच कळलं नाही.

सरळ_रेघ

दहांत तीन म्हणजे तुक्का. अडकलेले वीस रॅक काढा, मग बोलू.

तिरपा_फटका

पेन्सिल टोक करतोय. कागद मात्र तुम्ही आखून द्या.